राउटर म्हणतो १५००, पण लाइनवरून खरंच १५०० जातात का? (पीपीपीओई, एमटीयू, नागपूर)

बेसा_रोड | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बेसा भागात फायबर आहे. ओएनटी (घरातला फायबरचा डबा) ब्रिज मोडवर, म्हणजे तो डेटा फक्त पुढे सरकवतो, आणि पुढे माझा स्वतःचा राउटर पीपीपीओई (प्रोव्हायडरकडे लॉगिन करून जोडणी उघडायची पद्धत) डायल करतो. राउटर नवा आहे आणि तो लावल्यापासून एक त्रास सुरू झाला आहे. यूट्यूब सुसाट चालतं, स्पीड टेस्ट प्लॅनइतकी पूर्ण येते. पण एका बँकेचं लॉगिनचं पान अर्ध्यावर लटकतं. ऑफिसच्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सोय) आत जाता येतं, छोट्या कमांड चालतात, मोठ्या फोल्डरची यादी मागितली की स्क्रीन गोठते. मोबाइल डेटावर हेच सगळं नीट चालतं.

केबलवाल्यांकडचा पोरगा येऊन गेला. स्पीड टेस्ट लावली आणि म्हणाला, "नेट तर येऊन राहिलं न भाऊ." त्याला दुसरं काही तपासायला शिकवलेलंच नाही, त्यामुळे त्याच्यावर राग नाही.

एकच फरक सापडला. जुन्या राउटरच्या पानावर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४९२ दिसायचा, नव्यावर १५०० दिसतो. नुसतं १४९२ करून मोकळं व्हायचं नाही, समजून घ्यायचं आहे. हा आकडा ठरवतं कोण? आणि ठरलेला आकडा लाइनवरून खरोखर जातो की नाही, हे घरून कसं पाहायचं?

वर्धा_लाइन | रविवार, रात्री १०:३१

१४९२ करा आणि झोपा. आठ बाइटसाठी कशाला डोकं फोडायचं.

मिहान_नाइटशिफ्ट | रविवार, रात्री ११:५०

१४९२ केलं की बँक उघडेल, हे माझंही मत. पण प्रश्न चांगला विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इथरनेटच्या एका फ्रेममध्ये १५०० बाइटचा माल बसतो. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःकडे घेतं: ६ बाइट त्याच्या हेडरचे आणि २ बाइट पीपीपीच्या प्रोटोकॉल क्रमांकाचे. उरतात १४९२. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज; फेब्रुवारी १९९९ च्या आरएफसी २५१६ मध्ये सरळ लिहिलं आहे की एमआरयू (एका बाजूला घेता येणारं सगळ्यात मोठं पॅकेट) १४९२ च्या वर ठरवायचाच नाही. पुढे सप्टेंबर २००६ मध्ये आरएफसी ४६३८ आला आणि त्याने वाट मोकळी केली. मधलं इथरनेट १५०८ बाइटचा माल नेऊ शकत असेल, तर दोन्ही टोकांनी आधी एकमेकांना तसं कळवावं आणि मग आत पूर्ण १५०० वापरावेत.

हे कळवणं दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा सेशन सुरू होण्याआधीचा. तुमचा राउटर पीएडीआय नावाची हाक देतो आणि त्यात पीपीपी-मॅक्स-पेलोड हा टॅग घालतो, किंमत १५००. पलीकडच्या बीएनजीला (प्रोव्हायडरकडचं, सेशन सांभाळणारं उपकरण) ते जमत असेल तर त्याच्या उत्तरात, म्हणजे पीएडीओमध्ये, तोच टॅग परत येतो. मग पीएडीआर आणि पीएडीएसमध्येही तो असतो. परत आला नाही, तर १४९२ वर थांबायचं. घासाघीस नाही.

दुसरा टप्पा एलसीपीचा, म्हणजे पीपीपी जोडणीच्या अटी ठरवणाऱ्या बोलणीचा. इथे प्रत्येक बाजू आपला एमआरयू सांगते: मी एवढं मोठं पॅकेट घेऊ शकतो. समोरच्याला मान्य असेल तर अॅक येतो, नसेल तर नाक येतो आणि नाकसोबत त्याला हवा तो आकडा येतो. एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. तुमचा एमआरयू ही त्यांच्या पाठवण्याची मर्यादा असते आणि त्यांचा एमआरयू ही तुमच्या पाठवण्याची. दोन दिशांचे दोन वेगळे करार आहेत, एकच आकडा नाही.

राउटरच्या पानावर जो १५०० दिसतो, तो बऱ्याच वेळा फक्त भरलेला आकडा असतो. ठरलेला आकडा लॉगमध्ये सापडतो. लाइन पुन्हा डायल करा आणि पीपीपीचा लॉग इथे टाका. यूजरनेम आणि पासवर्ड मात्र खोडून टाका.

वर्धा_लाइन | सोमवार, सकाळी ७:०५

ताई, माहिती छान आहे. पण हिशेब करा न. १५०० मधले ८ म्हणजे ०.५३ टक्के. १०० एमबीपीएसच्या लाइनवर अर्धा एमबीपीएस. त्यासाठी सामान्य माणसाने फर्मवेअर बदलायचं, प्रोव्हायडरला फोन लावायचे? मला हे पटत नाही.

मिहान_नाइटशिफ्ट | सोमवार, सकाळी ७:४०

वेगासाठी करू नये, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. १४९२ ही नीट बसवलेली जोडणी असेल तर ती पूर्ण निरोगी जोडणी आहे. यांचा त्रास १४९२ मुळे नाही. राउटरचा एक भाग १५०० धरून चाललाय आणि लाइन १४९२ ची आहे, असा माझा अंदाज आहे. दोघांचा आकडा जुळत नाही, तिथे पानं लटकतात.

धंतोलीकर | सोमवार, सकाळी ९:२०

मी दूरसंचारात नोकरी करून निवृत्त झालो. थोडं मागचं सांगतो, कारण ते आजही लागू आहे.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. त्यानंतर तांब्याच्या तारेवर एडीएसएल घरोघरी गेलं आणि पीपीपीओईही त्यासोबत गेलं. ग्राहकाची ओळख, बिल, सेशन चालू-बंद, सगळं त्यावर बसवलेलं होतं. तार जाऊन फायबर आलं, पण मागची व्यवस्था बऱ्याच ठिकाणी तीच राहिली. म्हणून २००६ चा तोडगा असूनही तुमच्या घरी १४९२ येतो.

आता काही साइट उघडतात आणि काही नाही, हे कशामुळे ते सांगतो. टीसीपीची जोडणी सुरू होताना तुमचं मशीन सिन पॅकेटमध्ये (जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) एमएसएस सांगतं, म्हणजे एका पॅकेटात जास्तीत जास्त किती डेटा घेईन ते. १५०० च्या लिंकवर तो १४६० असतो, कारण २० बाइट आयपीचे आणि २० टीसीपीचे. समोरचा सर्व्हर त्या मापाने १५०० ची पॅकेट पाठवतो. ती प्रोव्हायडरच्या बीएनजीपर्यंत येतात. तुमच्या बाजूची लिंक १४९२ ची, आणि पॅकेटवर "तुकडे करू नका" ही डीएफ खूण. बीएनजी ते पॅकेट टाकून देतो आणि सर्व्हरला आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या त्रुटी कळवणारा प्रोटोकॉल) निरोप धाडतो, प्रकार ३, कोड ४: तुकडे करावे लागतील, माझ्याकडे १४९२ च जातात. निरोप पोचला की सर्व्हर छोटी पॅकेट पाठवू लागतो. ही पद्धत नोव्हेंबर १९९० च्या आरएफसी ११९१ पासूनची आहे.

पण अनेक ठिकाणी फायरवॉल बसवणाऱ्यांनी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. निरोप दारातच मरतो. सर्व्हर तेच १५०० चं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि तुमचं पान लटकतं. हा धोका सप्टेंबर २००० च्या आरएफसी २९२३ मध्ये लिहून ठेवलेला आहे. आयसीएमपी बंद करणाऱ्यांबद्दल मला अजूनही चीड आहे. ज्याला त्रास होतो त्याला कारण कधीच कळत नाही, आणि ज्याने बंद केलं त्याला कोणी विचारत नाही.

एसएसएचचंही तेच. लॉगिनच्या देवाणघेवाणीतली पॅकेट बहुतेक छोटी असतात, म्हणून आत जाता येतं. यादी मागितली की सर्व्हर भरलेलं पॅकेट पाठवतो आणि ते वाटेत पडतं.

खामला_चौक | सोमवार, सकाळी ९:४८

काका, मग यूट्यूब काहून चालते?

मिहान_नाइटशिफ्ट | सोमवार, दुपारी १:१५

दोन कारणं. एक, त्या सर्व्हरांकडे आयसीएमपीचे निरोप ऐकले जातात. दुसरं, ब्राउझर तिथे टीसीपीऐवजी क्विक हा नवा प्रोटोकॉल वापरतो, तो यूडीपीवर चालतो. क्विकची सुरुवातच निदान १२०० बाइटच्या डेटाग्रामने होते (आरएफसी ९०००, मे २०२१) आणि त्याहून मोठं जातं का, हे ते आधी चाचणीचं पॅकेट पाठवून पाहतं. चाचणीचं पॅकेट हरवलं तर लहान आकारावरच राहतं. त्यामुळे एमटीयूचा घोळ असूनही व्हिडिओ चालतात. स्पीड टेस्टचे सर्व्हरही बहुधा नीट बसवलेले असतात. म्हणजे ज्या दोन गोष्टी दाखवून तंत्रज्ञ "लाइन ओके" म्हणतो, नेमक्या त्याच या दोषात शाबूत राहतात.

बेसा_रोड | सोमवार, रात्री ९:०३

लॉग काढला. इंग्रजी ओळींचा सारांश लिहितो:

माझ्याकडून गेलेल्या पीएडीआयमध्ये सर्व्हिस-नेम आणि होस्ट-युनिक, एवढे दोनच टॅग. मॅक्स-पेलोड नाहीच. एलसीपीत राउटरने एमआरयू १५०० मागितला. पलीकडून नाक आला, सोबत १४९२. राउटरने पुन्हा १४९२ मागितला, अॅक आला. त्यांनी स्वतःचा एमआरयू १४९२ सांगितला, राउटरने तोही मान्य केला.

आणि पानावर अजूनही १५०० च.

मिहान_नाइटशिफ्ट | सोमवार, रात्री ९:३०

झालं तर. तुमच्या राउटरला आरएफसी ४६३८ येतच नाही. त्याने टॅग पाठवला नाही, थेट दुसऱ्या टप्प्यात १५०० मागितले, आणि बीएनजीने नियमाप्रमाणे नकार दिला. करार १४९२ चा झाला, दोन्ही दिशांनी.

आता दोन गोष्टी पाहा. विंडोजवर पिंगला वजा एफ आणि वजा एल १४७२ लावा. १४७२ मध्ये ८ आयसीएमपीचे आणि २० आयपीचे मिळवले की १५०० होतात. मग तेच १४६४ ने करा, म्हणजे १४९२. लिनक्सवर वजा मोठा एम, पुढे डू, आणि आकारासाठी वजा लहान एस. मॅकवर वजा मोठा डी आणि वजा लहान एस. उत्तर नुसतं आलं की नाही हे पाहू नका. काय आलं आणि कोणाकडून आलं, ते वाचा.

दुसरं, राउटरच्या डब्ल्यूएएन (बाहेरच्या लाइनच्या) बाजूला कॅप्चर (जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटची नोंद) लावून बाहेर जाणाऱ्या सिनमधला एमएसएस पाहा.

बेसा_रोड | सोमवार, रात्री १०:२२

१४७२ ला लगेच उत्तर आलं: पॅकेटचे तुकडे करावे लागतील पण डीएफ लावलेला आहे. पाठवणारा १९२.१६८.१.१, म्हणजे माझाच राउटर. १४६४ व्यवस्थित जाऊन परत येतं.

सिनमधला एमएसएस १४६०.

मिहान_नाइटशिफ्ट | सोमवार, रात्री १०:४०

सापडलं. राउटरच्या पीपीपी इंटरफेसला खरा आकडा माहीत आहे, म्हणून तो पिंगला प्रामाणिक उत्तर देतो. पण एमएसएस कापणारा नियम पानावरच्या १५०० वरून हिशेब करतो, त्यामुळे १४६० तसाच बाहेर जातो. तो १४५२ व्हायला हवा. पानावर १४९२ भरा, नियम आपोआप १४५२ धरेल. राउटर बनवणाऱ्यांना कळवा की तुमचं पान ठरलेला आकडा न दाखवता भरलेला आकडा दाखवतं. हा दोष त्यांचा आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

बेसा_रोड | सोमवार, रात्री ११:०२

१४९२ भरला, पुन्हा डायल केलं. सिनमध्ये १४५२ दिसतो. बँकेचं पान उघडलं, फोल्डरची यादी सरसर खाली आली. ताई, काका, मनापासून आभार.

खामला_चौक | मंगळवार, सकाळी ८:३६

धागा वाचून माझी लाइन तपासली, आणि माझी गोष्ट याच्या उलट निघाली. मी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मुक्त फर्मवेअर) वापरतो. पीपीपीओईच्या खालच्या इथरनेट इंटरफेसला १५०८ आणि वर पीपीपीओईला १५०० दिले आहेत. कॅप्चरमध्ये पीएडीओत टॅग परत आलेला स्वच्छ दिसतो: ०१ २० ०० ०२ ०५ डीसी. एलसीपीतही दोन्ही बाजूंनी एमआरयू १५००, दोन्हीकडून अॅक. म्हणजे करार पक्का.

तरी १४७२ चं पिंग गायब. त्रुटीचा संदेश नाही, राउटरचा निरोप नाही, नुसता टाइमआउट. १४६४ जातं. १४६५ पासून शांतता. आणि काही साइट लटकतात.

मिहान_नाइटशिफ्ट | मंगळवार, दुपारी १२:५०

या धाग्यातला सगळ्यात मोलाचा नमुना तुम्ही आणलात. तो हेक्स नीट पाहा मंडळी: ०१२० हा टॅगचा प्रकार, ०००२ लांबी, ०५डीसी म्हणजे १५००. एलसीपीत हाच आकडा ०१ ०४ ०५ डीसी असा दिसतो. बेसा_रोड यांच्याकडे शेवटी ०१ ०४ ०५ डी४ आला असणार, म्हणजे १४९२.

आता मुद्दा. टॅग आणि एमआरयू हे तुमचा राउटर आणि बीएनजी या दोघांनी आपसात ठरवलं. मध्ये ओएनटी आहे, ओएलटी (प्रोव्हायडरकडचं फायबरचं टोक) आहे, केबलवाल्यांचा स्विच आहे, कदाचित जुना मीडिया कन्व्हर्टरही आहे. त्यांना कोणी विचारलंच नाही, आणि ही बोलणी स्वतः छोट्याशा फ्रेममध्ये होतात, त्यामुळे अरुंद वाटेतूनही निर्विघ्न पार पडतात. मोठी फ्रेम पहिल्यांदा जाते ती खरा डेटा सुरू झाल्यावर.

फ्रेमचा हिशेब करा. १५०० आत, ८ पीपीपीओईचे, १४ इथरनेट हेडरचे, ४ तपासणीचे: १५२६. एक व्हीलॅन टॅग (एकाच तारेवरची नेटवर्क वेगळी ठेवणारी खूण) असेल तर १५३०, दुहेरी असेल तर १५३४. ज्या स्विचची मर्यादा १५१८ आहे, किंवा टॅगसकट १५२२, तो ही फ्रेम चुपचाप टाकून देतो. तो लेयर २ वर काम करतो, आयपी त्याला कळत नाही, त्यामुळे आयसीएमपीचा निरोप तो कधीच पाठवणार नाही. दोन्ही टोकं समजतात की सगळं ठीक आहे. म्हणून तुमच्याकडे त्रुटी नाही, फक्त शांतता आहे.

त्रुटीचा संदेश येणं हे चांगलं लक्षण आहे. शांतता हे वाईट.

आरएफसी ४६३८ लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. १४९२ च्या वर एमआरयू ठरला तर सेशन उघडल्याबरोबर त्या पूर्ण मापाची एलसीपी एको-रिक्वेस्ट पाठवून पाहा, उत्तर नाही आलं तर १४९२ वर उतरा, असं त्यात सुचवलेलं आहे. पण ही तपासणी सगळ्या उपकरणांत असतेच असं नाही. लाइन जिवंत आहे का हे पाहायला राउटर अधूनमधून जी एको पाठवतो ती अगदी चिमुकली असते. ती पोचते याचा अर्थ १५०० पोचतात असा नाही.

खामला_चौक | मंगळवार, दुपारी १:१०

मग तुमचं म्हणणं, अडथळा माझ्या घराबाहेर आहे?

मिहान_नाइटशिफ्ट | मंगळवार, दुपारी १:२२

आधी घरातलं काढून टाका. ओएनटी आणि राउटरच्या मध्ये एखादा छोटा स्विच आहे का? असेल तर तो बाजूला करून थेट जोडा आणि पुन्हा पिंग करा.

खामला_चौक | मंगळवार, रात्री ८:१५

मध्ये काही नाही, थेट केबल आहे. प्रोव्हायडरला फोन केला. पहिल्या माणसाने राउटर रीस्टार्ट करायला सांगितलं, दुसऱ्याने स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागितला. "एमटीयू" हा शब्द पुढे कोणाकडे पोचवायचा हे त्यांना माहीत नाही.

सक्करदरा_केबल | मंगळवार, रात्री ११:३०

मी स्वतः या धंद्यात आहो. आमच्या बाजूने बोलतो.

आमच्याकडे ओएलटी लावलेली असते, तिथून वरच्या कंपनीच्या पीओपीपर्यंत (त्यांच्या जोड-केंद्रापर्यंत) फायबर. मध्ये कुठे स्विच असते, कुठे जुन्या काळातला कन्व्हर्टर, कारण ती लाइन इथरनेट केबलच्या जमान्यात टाकलेली होती. मे महिन्यात छतावरच्या पेटीत स्विच जळते, रात्री अकराला ग्राहकाचे फोन येऊन राहतात, तेव्हा हाताशी जो स्विच असेल तो लावून लाइन चालू करावी लागते. त्याची फ्रेमची मर्यादा किती हे त्या वेळी कोणी पाहत नाही. लाइन चालू झाली, स्पीड आला, काम झालं. हे बरोबर नाही, पण असंच होते.

तुम्ही तक्रार करताना "नेट स्लो आहे" असं म्हणू नका. तसं म्हटलं की पोरगा स्पीड टेस्ट लावून निघून जाते. असं लिहा: पीपीपीओई सेशनमध्ये मॅक्स-पेलोड १५०० ठरतो, एमआरयू दोन्हीकडून १५०० अॅक होतो, पण डीएफ लावलेलं १४७२ चं पिंग टाइमआउट होते आणि १४६४ जाते, ओएलटीच्या अपलिंकपासून बीएनजीपर्यंतच्या सगळ्या स्विचांचा लेयर २ एमटीयू तपासा. सोबत कॅप्चरचा फोटो द्या. एवढं लिहिलं की आम्ही ते जसंच्या तसं वर पाठवू शकतो, आणि वरचा इंजिनिअर त्याला उत्तर देते. शेजारच्या घरीही तोच प्रकार दिसत असेल तर तेही लिहा, म्हणजे दोष एका ओएनटीचा नाही हे लगेच समजते.

आणि दुरुस्त होईपर्यंत आपला राउटर १४९२ वर ठेवा.

धंतोलीकर | बुधवार, सकाळी ८:५०

सक्करदरा भाऊ, फार चांगलं लिहिलंत. ग्राहकाने नेमकं लिहावं आणि केबलवाल्याने ते न अडवता वर पोचवावं, एवढं झालं तरी निम्मे दोष निघतील. इथरनेटचं मानकही मागे नाही: ८०२.३एएसने २००६ मध्येच फ्रेमचा कमाल आकार २००० बाइटपर्यंत नेला. आता नवीन स्विच घेताना ही मर्यादा विचारायला पैसे पडत नाहीत.

वर्धा_लाइन | बुधवार, सकाळी ९:१५

एक शंका. पिंग गेलं आणि परत आलं, म्हणजे दोन्ही दिशा सिद्ध झाल्या का? ताईंनी वर दोन वेगळे करार सांगितले होते.

मिहान_नाइटशिफ्ट | बुधवार, दुपारी २:०५

अगदी नेमकी शंका. नाही, पूर्ण सिद्ध होत नाहीत. जाणाऱ्या पॅकेटवर डीएफ तुम्ही लावलात, पण परतीच्या उत्तरावर डीएफ असेलच असं नाही. तिकडचं उत्तर वाटेत तुकडे होऊन आलं तरी तुमच्या मशीनवर ते जोडून घेतलं जातं आणि पिंग यशस्वी दिसतं. शिवाय काही मोठे सर्व्हर लांब पिंगला तोकडं उत्तर देतात, त्यामुळे उत्तराचा आकारही वाचायला हवा.

खाली येणारी दिशा पाहायची तर एखादी मोठी फाइल साध्या टीसीपीवरून उतरवा आणि डब्ल्यूएएनवर कॅप्चर लावा. सिनमध्ये एमएसएस १४६० गेलाय ना, हे आधी बघा. मग येणाऱ्या पॅकेटची आयपी लांबी पूर्ण १५०० दिसते का ते पाहा. कॅप्चर राउटरवरच घ्या. संगणकावर घेतलं तर नेटवर्क कार्ड पॅकेट एकत्र करून देतं आणि १५०० पेक्षा मोठे विचित्र आकडे दिसतात. स्वतःचा भाड्याचा सर्व्हर असेल तर तिकडून घरच्या पत्त्याकडे डीएफ लावून पिंग करणं सगळ्यात स्वच्छ, फक्त तुम्हाला सार्वजनिक पत्ता मिळालेला हवा.

बेसा_रोड | बुधवार, रात्री ९:४०

आयपीव्ही६ साठी वेगळं काही? आमच्याकडे आता दोन्ही येतात.

मिहान_नाइटशिफ्ट | बुधवार, रात्री १०:३०

हो, आणि तिथे चुकीला माफी कमी. आयपीव्ही६ मध्ये वाटेतले राउटर तुकडे करतच नाहीत. पाठवणाऱ्यालाच आयसीएमपीव्ही६ चा "पॅकेट फार मोठं" हा निरोप जातो, प्रकार २. तो फायरवॉलमध्ये अडवला तर दुसरा मार्ग नाही. तुमच्या राउटरवर कोणी आयसीएमपीव्ही६ बंद करायचा सल्ला दिला तर ऐकू नका.

हेडर ४० बाइटचं असतं, म्हणून आकडे बदलतात. १५०० साठी पिंगचा आकार १४५२, १४९२ साठी १४४४. एमएसएस १४४० आणि १४३२. एमएसएस कापायचा नियम आयपीव्ही४ ला असतो आणि आयपीव्ही६ ला विसरलेला असतो, असं मी कामावर पुष्कळदा पाहते. दोन्ही स्वतंत्र तपासा. कुठल्याही आयपीव्ही६ लिंकला १२८० तरी नेता आलेच पाहिजेत, त्यामुळे डीएनएसवाल्यांनी (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था) २०२० पासून यूडीपी उत्तराची शिफारस १२३२ वर आणली: १२८० उणे ४० उणे ८.

खामला_चौक | बुधवार, रात्री १०:५५

मी घरून वायरगार्डवर (व्हीपीएनचा बोगदा) काम करतो. त्याचा एमटीयू १४२० दिसतो. १४९२ च्या लाइनवर तो चालेल का?

मिहान_नाइटशिफ्ट | बुधवार, रात्री ११:१०

१४२० हा १५०० च्या लाइनसाठी धरलेला आकडा आहे, बाहेरून आयपीव्ही६ असेल असं मानून ८० बाइट वजा केलेले. तुमचा बोगदा बाहेरून आयपीव्ही४ वर जात असेल तर वजन ६० च, १४२० अधिक ६० म्हणजे १४८०, आणि ते १४९२ मध्ये बसतं. आयपीव्ही६ वर जात असेल तर १५०० होतात, बसत नाहीत. तेव्हा १४१२ ठेवा. वर्धा_लाइन, १५०० ची लाइन असण्याचा खरा फायदा इथे आहे. बोगदे बांधणारा जो तो १५०० धरून चालतो, आणि दर वेळी आठ वजा करायची आठवण कोणाला तरी ठेवावी लागते.

वर्धा_लाइन | गुरुवार, सकाळी ७:२०

हे पटलं. वेगासाठी नाही, पण यासाठी मागायला हरकत नाही.

खामला_चौक | पुढचा मंगळवार, रात्री ८:४४

सक्करदरा भाऊंनी सांगितलं तसं शब्दशः लिहून पाठवलं, सोबत पीएडीओचा आणि टाइमआउटचा फोटो. या वेळी वरच्या टीममधून फोन आला आणि त्यांनी ओएलटी कुठली एवढंच विचारलं. आमच्या चौकाकडे येणाऱ्या फायबरवर एक जुना स्विच होता, तो बदलला म्हणाले. दुसऱ्या एका स्विचवर आकडा वाढवून दिला.

आता १४७२ जातं, १४७३ ला माझ्याच मशीनकडून लगेच त्रुटी येते. आयपीव्ही६ ला १४५२ जातं. मोठी फाइल उतरवून कॅप्चर पाहिलं, येणारी पॅकेट १५०० ची. शेजाऱ्यांकडेही जाऊन पाहिलं, तिथेही तसंच.

सक्करदरा_केबल | पुढचा मंगळवार, रात्री ११:०५

वा. तो मजकूर मी आमच्या पोरांच्या ग्रुपवर टाकला आहे. स्पीड टेस्टनंतर १४६४ आणि १४७२ ची दोन पिंग मारून फोटो पाठवायचा, असं आता नवीन जोडणी देताना सांगून ठेवलं. ज्यांच्याकडे १४७२ ला नुसती शांतता असेल त्यांनी आपला एरिया इथे लिहा. स्विच कोणत्या खांबावर आहे ते आम्हाला शोधायला सोपं जाते.

बेसा_रोड | पुढचा बुधवार, सकाळी ७:५०

बेसा, मनीषनगरच्या बाजूची लाइन. माझा राउटर टॅग पाठवत नाही, म्हणून इथला बीएनजी तो परत देतो की नाही हे कळलेलं नाही. टॅग पाठवणारा राउटर या शनिवारी मित्राकडून आणतोय. पीएडीओ इथेच टाकतो.